भाऊसाहेबांचा मुक्काम

“मतदार यादीत नाव नसेल तर ग्रामसभेत बोलता येत नाही,” असं मी माईकवरून जाहीर केलं आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. समोर वीस-पंचवीस भाडेकरू उभे होते. चाकणच्या कंपन्यांत कामाला असलेली, मराठवाड्यातून आलेली माणसं. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथल्या लग्नांना जावं लागतं.

मी तिथला ग्रामसेवक. गाव मला भाऊसाहेब म्हणायचं आणि मी स्वतःला खरोखरच साहेब समजायला लागलो होतो.

भाडेकरूंची मागणी साधी होती. घरमालकाने लेखी करार द्यावा आणि खोली खाली करायला सांगण्याआधी नोटीस द्यावी, असा ठराव ग्रामसभेने करावा. ठराव म्हणजे कायदा नव्हे. पण साऱ्या गावाने हात वर करून मंजूर केलेली गोष्ट मोडायला घरमालकही कचरतो.

सगळ्यांच्या पुढे सुनीताताई होत्या. वायरिंगच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला जायच्या. त्यांनी घरमालक तात्यांकडे करार मागितला, तर तात्यांनी रविवारपर्यंत खोली सोडा म्हणून सांगितलं. मुलीची दहावीची परीक्षा दोन आठवड्यांवर आलेली. अशा वेळी बिऱ्हाड घेऊन जायचं कुठे?

त्यांच्या अर्जावर मी ‘विषय अखत्यारीत येत नाही’ असा शेरा मारला होता. हे वाक्य मी नोकरीभर इतकं वापरलं होतं की हात आपोआप लिहायचा. शिवाय निम्म्या सदस्यांच्या खोल्या भाड्याने दिलेल्या. उगाच वाकड्यात कोण शिरणार?

सरपंचांनी पुढचा विषय घ्यायला सांगितला. मी अजेंडा उचलला आणि सवयीने वाचत सुटलो, “ग्रामसेवक मुख्यालयी राहत असल्याचा ठराव.”

हे जरा सांगायला हवं. ग्रामसेवकाने नेमणुकीच्या गावातच राहायचं, असा नियम. ग्रामसभेने तसा ठराव दिला की घरभाडे भत्ता चालू राहतो. मी राहायचो मोशीच्या फ्लॅटमध्ये आणि रोज स्कूटरवरून यायचो. तरी गाव दरवर्षी हात वर करायचं. कागदावरचा पत्ता तात्यांनीच सुचवलेला. तोही मी खणखणीत आवाजात वाचला, “राहणार तात्यांची चाळ, खोली नंबर सात.”

यादीत नाव नसतानाही सुनीताताईंनी हात वर केला.

“भाऊसाहेब, सात नंबरमधी तर आम्ही राहतोत. चार वर्षं झालीत.”

मागून एकजण हसला आणि पाठोपाठ सगळी सभा. तात्या टोपी काढून डोकं खाजवत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बदलीची ऑर्डर कुणी हातात दिली असती तर गाव न विचारता निघालो असतो.

सरपंच मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, “भाऊसाहेब, यादीत नाव तर तुमचंबी न्हाई. मग तुमच्या खोलीचा विषय आमी घ्यायचा अन् त्यांच्या खोलीचा न्हाई, व्हय?”

भाडेकरूंचा ठराव मी तिथेच बसून लिहिला, एक महिन्याच्या नोटिशीचा. तात्यांचा हात सर्वांत शेवटी वर गेला, पण गेला. माझा ठराव मात्र कुणी मांडलाच नाही.

सुनीताताई परीक्षेनंतरही त्याच खोलीत राहिल्या. मुलगी पास झाली. ती पेढे घेऊन ऑफिसात आली, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

माझा भत्ता बंद झाला. तो सुरू करायला मला खरोखरच गावात बिऱ्हाड करावं लागलं. रिकामी खोली सापडली तीही तात्यांच्याच चाळीत. सहा महिन्यांनी तात्यांना ती पुतण्यासाठी हवी झाली. त्यांनी ठरावाप्रमाणे लेखी नोटीस काढली आणि प्रत पंचायतीत आणून दिली. आवक रजिस्टरला मीच ती नोंदवून घेतली.

मुदत एक महिन्याची. ठराव लिहिताना तीन महिने लिहिले असते, तरी त्या दिवशी मला कुणी अडवलं नसतं.