गुरुवारी कोण आलं होतं

मुंगसे साहेब स्वतः लावलेलं कुलूप तीनदा ओढून बघत आणि मग शिपायाला ओढायला सांगत. शिपायाने ओढलं की शिपायाकडे बघत.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या आमच्या कंपनीत ते सर्व्हर सांभाळायचे. मी ठेकेदारामार्फत त्यांच्या हाताखाली लागले. पहिल्या दिवशी नाव विचारायच्या आधी त्यांनी माझी पर्स टेबलावर ठेवायला लावली.

"पेनड्राइव्ह हाय का?"

"नाही, साहेब."

"न्हाई म्हणणाऱ्याकडंच असतो."

पर्स त्यांनी उघडली नाही, पण संध्याकाळपर्यंत तिच्यावर नजर ठेवली. बाई म्हणून सवलत नव्हती. ठेकेदार आला तरी त्याला तेच.

सर्व्हररूमच्या दाराशी त्यांची एक वही असे. आत जाणाऱ्याने नाव, वेळ आणि काम लिहायचं. "मशीन आपसूक बिघडत न्हाई, कुणीतरी हात लावतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळे लिहायचे, फक्त साहेब लिहीत नसत. जगात एकाच माणसावर त्यांना संशय नव्हता, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः.

आमच्या कामाचं थोडक्यात सांगते. कंपनीतल्या कुठल्या कॉम्प्युटरला काय करू द्यायचं, पेनड्राइव्ह चालू द्यायचा की नाही, हे सगळे नियम सर्व्हरवरून लागतात. नियमांच्या साच्याच्या फाइली एका फोल्डरमध्ये असतात आणि त्या नियमांची नावं आतल्या दुसऱ्या फोल्डरमध्ये. नवे साचे टाकले तर आतला फोल्डरही नवा टाकावा लागतो. नाहीतर सर्व्हर नवा नियम वाचतो, त्याचं नाव जुन्या फोल्डरमध्ये शोधतो आणि सापडत नाही म्हणून ओरडत बसतो.

एका शुक्रवारी सकाळी मी वहीत नाव लिहून आत गेले, कॉम्प्युटरवर नियमांचा पडदा उघडला आणि चुकांच्या चौकटी एकामागून एक यायला लागल्या. एक बंद केली की दुसरी. सोमवारी आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचे लोक तपासणीला येणार होते आणि त्यांना हाच पडदा दाखवायचा होता.

मॅनेजरसाहेबांनी वही मागवली. शेवटचं नाव माझं. "सोमवारी हे नीट दिसलं नाही तर ठेकेदाराला दुसरा माणूस पाठवायला सांगतो," ते माझ्यादेखत मुंगसे साहेबांना म्हणाले. संत तुकाराम नगरातलं आमचं घर तेव्हा माझ्या एकटीच्या पगारावर चाललं होतं.

"खरं सांग, कशाला हात लावलास?" दार लोटून साहेबांनी विचारलं.

"फक्त उघडलं, साहेब."

"समदे फक्त उघडत्यात."

दुपारपर्यंत त्यांनी मला तोच प्रश्न पाच-सहा तऱ्हांनी विचारला. शेवटी मी चिडले. "तारखा बघू या," म्हटलं आणि त्यांच्यासमोर फोल्डर उघडला. साच्यांच्या फाइली नव्या होत्या, नावांचा आतला फोल्डर मात्र जुनाच. चूक सापडली. पण त्या नव्या फाइली आल्या होत्या आदल्या दिवशी, गुरुवारी.

गुरुवारी आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी. सुट्टीला येणारा माणूस एकच होता. कुणी आजूबाजूला नसलं की सर्व्हरचं काम बिनघोर होतं, म्हणून साहेब हटकून गुरुवारी यायचे.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "सरक," म्हणाले आणि माझ्या हातातला माऊस घेतला. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं की आता हे सगळं पुसणार आणि माझ्यावर ढकलणार. चाव्या त्यांच्या, वही त्यांची. मी त्यांच्या बोटांवरून नजर हटवली नाही.

त्यांनी पडद्याचा प्रिंट काढला. "आतला फोल्डर म्याच मागं ठिवला," ते म्हणाले. "पिशवीत पिशवी आली की मला भ्या वाटतं. उघडून बघू नि मग टाकू म्हणलं, आन् राहूनच गेलं." मग वही ओढून गुरुवारची तारीख घातली, स्वतःचं नाव लिहिलं आणि प्रिंट घेऊन मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. "पोरीचा दोष न्हाई, साहेब. माझा हाय. माझं नाव ल्ह्या."

आतला फोल्डर टाकल्यावर चौकटी थांबल्या. सोमवारची तपासणी सुरळीत पार पडली, माझी नोकरी राहिली. साहेबांकडून मात्र सर्व्हर काढून घेतला. निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं आणि सर्व्हर माझ्याकडे आला. ज्याच्यावर मी चोर म्हणून नजर ठेवली होती, त्याच्याच खुर्चीत बसायचं मला फार जड गेलं.

चाव्या देताना ते म्हणाले, "सर्व्हरवरचं माझं खातं बंद कर."

"राहू द्या की, साहेब. अडलं तर तुम्हालाच विचारायचंय."

"इचारायला फोन हाय. खातं कशाला पायजे?"

मी बंद केलं. त्यांचा विश्वास बसला नाही. खुर्चीत बसून त्यांनी पासवर्ड टाकला. सर्व्हरने नाकारला. पुन्हा एकेक अक्षर बघत टाकला, पुन्हा नाकारला. "झालं," म्हणून ते उठले. मी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"हसतीस का काय?" त्यांनी संशयाने विचारलं.

"रडतेय, साहेब."

त्यांनी पुढे वाकून माझा चेहरा नीट बघून घेतला. "मग ठीक हाय," म्हणाले आणि डबा उचलून कंपनीच्या बसकडे निघाले.