नाना विसरले नव्हते

माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कल्पनापासून, म्हणजे माझ्या बायकोपासून, मी दोनच गोष्टी लपवल्या. एक तंबाखू — ती तिला केव्हाच कळली. दुसरी ही. ही तिला ठाऊक नाही, तिच्या भावाला नाही, माझ्या एकाही मित्राला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरी कधी जेवायला येणार नाही. निदान मी तसं धरून चाललोय.

आधीच सांगतो, यात चोरी नाही, मारामारी नाही. एक फाइल पुसली गेली, बस. फाइल काय, रोज कुणाची ना कुणाची पुसली जाते. मग चार वर्षं ही एक फाइल मला का पुरून उरली आहे? हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि लगेच दुसऱ्या कामाला लागतो. कामं काढायला मी हुशार आहे.

माझे सासरे — सगळे त्यांना नाना म्हणतात. अमळनेरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत माइकसमोर बसून गाड्या पुकारायचे. टाइमटेबलचा कागद समोर असायचा, पण त्यात बघताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. रिटायर होऊन बारा वर्षं झाल्यावरही जेवताना मी मुद्दाम विचारायचो, नाना, तुमच्या वेळी पिंपळनेरला सकाळची गाडी किती वाजता होती? घास न थांबवता सांगायचे. वेळ सांगायचे, गाडी रात्री कुठल्या गावी मुक्कामाला राहायची ते सांगायचे, ड्रायव्हर कोण आणि तो चहाला कुठे उतरायचा तेही सांगायचे. सासूबाई गेल्यावर ते अमळनेरच्या घरात एकटे राहत. त्यांचा मुलगा रवी जळगावला नोकरीला. तो दर दिवाळीला म्हणायचा, नाना, चला आता आमच्याकडे. नाना हसून म्हणायचे, ज्या दिवशी विसरायला लागेन त्या दिवशी येईन. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता माझ्याबद्दल. धुळ्यात देवपूर भागात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. म्हणजे मी जावई, आणि त्यात कॉम्प्युटरवाला. आमच्या खानदेशात जावई म्हणजे पावना. कितीही वर्षं झाली तरी तो पावनाच. सासरी माझ्या हातून कप फुटला तर कपच निसरडा होता म्हणतात. बावीस वर्षांत त्या घरात मला कुणी ‘तुमचं चुकलं’ असं म्हटलेलं नाही. याची सवय लागते हो. हळूहळू माणसाला वाटायला लागतं की आपण चुकतच नाही.

तर नानांचे पासवर्ड. पेन्शनची वेबसाइट, वीज, गॅस, रेल्वेचं तिकीट, ईमेल — सतरा ठिकाणी सतरा पासवर्ड आणि एकही कुठे लिहिलेला नाही. सगळे म्हणजे गावाचं नाव आणि पुढे गाडीची वेळ. मी डोक्याला हात लावला. क्लासमध्ये पोरांना घसा फोडून सांगतो की असले सोपे पासवर्ड ठेवू नका, आणि माझ्याच सासऱ्यांचं हे. मी त्यांच्या फोनवर पासवर्ड मॅनेजर बसवला. म्हणजे एक कुलूपबंद फाइल, तिच्यात सगळे पासवर्ड, आणि ती उघडायला एकच मोठा पासवर्ड. ती फाइल क्लाउडवर ठेवली. त्यामुळे अमळनेरला नानांच्या फोनवर तीच आणि धुळ्याला माझ्या लॅपटॉपवरही तीच. एकाने बदल केला की दुसऱ्याकडे आपोआप पोचणार. त्यांचे सतरा पासवर्ड बदलून मी अर्थ नसलेली अक्षरं टाकली. नानांनी विचारलं, हे लक्षात कसं ठेवायचं? मी म्हणालो, ठेवायचंच नाही नाना, तीच तर गंमत आहे.

रवीच्या मुलीच्या वाढदिवसाला सगळे जमले होते. तिथे मी छाती ठोकून सांगितलं की आता नानांचं काहीही हरवणार नाही. रवीने भीत भीत विचारलं, दोघं एकाच फाइलमध्ये लिहिणार, गोंधळ नाही ना होणार? मी हसलो. अशा वेळी मी कसा हसतो ते कल्पनाला विचारा.

नानांना ती फाइल भलतीच आवडली. प्रत्येक पासवर्डखाली टीप लिहायला जागा असते. तिथे ते जुन्या गाड्यांबद्दल लिहायला लागले. नोकरीला लागले तेव्हापासूनच्या गाड्या — गावं, वेळा, माणसं, कुठल्या थांब्यावर कोण म्हातारी रोज दुधाचा डबा घेऊन चढायची ते सगळं. वहीत का नाही लिहीत, असं मी विचारलं. म्हणाले, वही कुणीही उघडतो आणि हसतो. हिला कुलूप आहे. दोन्हीकडे दिसतं ना, एवढं मात्र दर खेपेला विचारायचे. मी हो म्हणायचो. बघत मात्र नव्हतो.

मंगळवार होता. पेन्शनच्या वेबसाइटने पासवर्ड बदलायला सांगितला होता. नानांनी ते काम माझ्यावर सोपवलं. मी लॅपटॉपवर फाइल उघडली, नवा पासवर्ड लिहिला, सेव्ह केलं. मग लक्षात आलं की क्लासचं इंटरनेट मंद चालतं म्हणून महिन्यापूर्वी मी लॅपटॉपवरचं क्लाउडचं सिंक, म्हणजे ही आपोआप पोचवापोचव, थांबवलं होतं, आणि ते पुन्हा सुरू करायचं राहून गेलं होतं. म्हणजे मी लिहिलं ते महिनाभर जुन्या प्रतीत. सिंक सुरू केलं, तर एका फाइलच्या दोन झाल्या. असं होतं तेव्हा काय करायचं ते मी फळ्यावर चित्र काढून शिकवतो: दोन्ही उघडायच्या, एकत्र करायच्या. त्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी सोयच असते. दोन मिनिटांचं काम. पण एकची बॅच बाहेर चपला काढत होती. एका फाइलवर आजची तारीख होती, दुसरीवर कालची. आजची ती खरी, असं धरलं आणि कालची उडवली. मग कचरापेटीही रिकामी केली, कारण मला पसारा बघवत नाही. कालची — ती नानांची होती. महिनाभर लिहिलेली.

इथवर चूक आहे. चुका होतात. इथेच थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

बॅच सुटल्यावर मी फाइल उघडून बघितली. अडीच वाजले होते. नानांच्या टिपा महिन्यापूर्वी थांबलेल्या. क्लाउडवर शोधलं, काही उरलं नव्हतं. आणि मग आठवलं — नाना फोनचं नेट बंद ठेवतात. दुपारी झोपून उठले, चहा झाला की साडेचारला चालू करतात, नातीचे फोटो बघायला. म्हणजे साडेचारपर्यंत त्यांच्या फोनमध्ये त्यांची प्रत जशीच्या तशी होती. नेट चालू केलं की माझी जुनी प्रत तिच्यावर जाऊन बसणार. एक फोन करायचा होता. नाना, नेट चालू करू नका, माझ्याकडून चूक झाली, मी येतो. एवढंच. धुळ्याहून अमळनेर काय परदेशात आहे?

मी फोन हातात घेतला. नंबर समोर. तुम्ही विचाराल, मग अडलं कुठे? मलाही नक्की सांगता येत नाही. रवी काय म्हणेल ते डोळ्यांसमोर आलं. तो काहीच म्हणाला नसता, हे त्याहून वाईट वाटलं. मी फळा पुसला. खुर्च्या लावल्या. चहा मागवला, प्यालो. चार वाजले. सव्वाचार. फोन अजून हातातच होता. मी घड्याळाकडे बघत बसलो, आणि साडेचार होऊ दिले.

हे मी जाणूनबुजून केलं. चूक दुपारी एकला झाली, हे साडेचारला केलं.

पाच वाजता त्यांचाच फोन आला. “पावना, मी लिखेल बठ्ठं दिसत नही.” बठ्ठं म्हणजे सगळं.

मी विचारलं, “नाना, सेव्ह केलं होतं का?”

बघा, हे खोटं नाही, हा प्रश्न आहे. मी प्रश्नापासून सुरुवात केली. ते म्हणाले, केलं होतं, कालच उघडून वाचलं होतं. मग मी म्हणालो की माझ्याकडे तर महिनाभरात काहीच आलेलं नाही. तुम्ही लिहायचं मनात आणलं असेल, आणि लिहिलं असं वाटलं असेल. या वयात होतं तसं.

नानांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, “व्हई. तुम्ही सांगतस म्हणजे तसंच व्हई.”

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ते भांडले असते. स्टँडवर साहेबांशी भांडलेला माणूस तो. पण पावन्याशी कसं भांडायचं?

तुम्हाला वाटेल, पुन्हा लिहिलं असतं त्यांनी, पाठच तर होतं सगळं. मीही तसंच म्हणालो, तेवढीच मनाची समजूत. त्यांनी लिहिलं नाही. म्हणाले, चुकीचं लिहिलं गेलं तर? पुढे पुढे गॅस बंद केला का ते बघायला गल्लीच्या तोंडापासून परत फिरायला लागले. खिशात चिठ्ठ्या आल्या. जेवताना मी पिंपळनेरची गाडी विचारणं सोडलं, आणि त्यांनीही आपणहून कधी काढली नाही. दरवर्षी एकटे एसटीने मुक्ताईनगरला दर्शनाला जायचे, ते बंद झालं. रवीने मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मला काय वाटतं! मी म्हणालो, लक्ष ठेवलेलं बरं. त्या दिवाळीला नानांनी स्वतःच अमळनेरच्या घराला कुलूप लावलं आणि जळगावला रवीकडे राहायला गेले. त्यांनीच तर सांगितलं होतं, विसरायला लागेन त्या दिवशी येईन. शब्दाला पक्के.

आता एवढं सांगितलंच आहे तर हेही सांगतो. जळगावात रवीने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो होतो, जावई म्हणून, जाणकार म्हणून. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले. नानांनी पाचही सांगितले, क्रमाने. डॉक्टर म्हणाले, काका, तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. माझ्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं — हो, हेही खरं आहे, मला आनंद झाला.

नाना मात्र खुर्चीत पुढे सरकले. “साहेब, नीट देखा. मनं डोकं ठीक शे, तर मंग पावना खोटा पडतस. आन् पावना कधी खोटं बोलत नहीत.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. रवीनेही बघितलं. नाना बघत नव्हते, त्यांना गरजच वाटली नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरी खरंच विसरतात का? दार बंद होतं, माणसं चार, बाहेर कुणाला ऐकू गेलं नसतं. यापेक्षा सोपी जागा मला कधी मिळाली असती?

मी म्हणालो, विसरतात.

डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. सौम्य आहे म्हणाले, सकाळी एक.

या गोष्टीला चार वर्षं झाली. आता ते खरंच विसरतात का, हे मला कळत नाही. कुणालाच कळणार नाही, कारण ते काहीही स्वतःच्या भरवशावर बोलत नाहीत. रवी आणि त्याची बायको कामावर गेले की नाना मला फोन करतात. पावना, आज वार कोणता? पावना, मी काल तुम्हाला फोन केला होता का? मी सांगतो. माझं सांगितलेलं ते खरं धरतात.

आज सकाळी साडेदहालाही आला होता. सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, म्हणाले. घेतली का मी? मी धुळ्यात, ते जळगावात — मला काय माहीत? मला म्हणता आलं असतं, नाना, मला माहीत नाही. पाकिटातल्या गोळ्या मोजून बघा म्हणता आलं असतं.

मी म्हणालो, घेतलीत.

“मंग ठीक शे,” नाना म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.