सासूबाईंचा नमुना

लग्न होऊन खांदा कॉलनीत आले तेव्हा माझी पीएचडी अर्धी झाली होती. विषय होता लाळेतलं एक प्रथिन. सासूबाईंचं माहेर सुकापूरचं, शेतकरी घर. त्या शेजारणींना सांगायच्या, "आमची सून थुंकीवर डाक्टर होतेय."

एका रविवारी बोंबील साफ करताना विळीनं त्यांचं बोट कापलं. त्यांनी ते सरळ तोंडात घातलं.

"आई, नळाखाली धरा आधी! तोंडात किती जंतू असतात!"

त्यांनी माझ्याकडून पट्टी बांधून घेतली. मग म्हणाल्या, "मंग तुज्या त्या थुंकीत हाय तरी काय, येवढी वर्षं शोधतेस ते?"

मी सांगितलं. जखमेत जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि कात्रीसारखी विकरं सोडतात. जंतू मरतात, पण कात्र्या वेळेवर थांबल्या नाहीत तर आपलंच मांस कापत सुटतात. सूज उतरत नाही, जखम भरत नाही. लाळेतलं हे प्रथिन त्या कात्र्या गच्च धरून ठेवतं.

"म्हंजे मी केलं ते बरोबरच," असं म्हणून त्या पुन्हा बोंबलांकडे वळल्या.

मला निरोगी माणसांच्या लाळेचे नमुने हवे होते. सासूबाई आपणहून तयार झाल्या. फॉर्म भरताना मी विचारलं, "तंबाखू?"

"नाय."

नळीतली लाळ तपकिरी निघाली.

"आई, मिश्री लावता ना तुम्ही?"

"ती तं दात घासायला! तुजी पेस्ट लिवलीस का कुटं?"

नवरा हसू आवरत गॅलरीत पळाला. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. नमुना बाद करावा लागला.

'बाद' हा शब्द त्यांना फार लागला. तिसऱ्या दिवशी मिश्रीचा डबा कचऱ्यात दिसला. पुढचे तीन आठवडे घरात सगळे दबकून वावरलो. भाजीत मीठ कमी आहे म्हणायचीही कुणाची छाती नव्हती. मग एका सकाळी त्या उपाशीपोटी माझ्यासमोर येऊन बसल्या. "घे. आता काय खोट काढतेस ते बघू."

नमुना स्वच्छ होता. मी नळीवर नंबर टाकला.

"माजं नाव?"

"नाव लिहीत नाहीत, आई."

"मंग माजी थुंकी हाय हे त्यांना कळनार कसं?"

मी नळीचं झाकण लावून ती बर्फात ठेवली. मिश्री तेव्हापासून सुटली ती सुटलीच. अधूनमधून तिची आठवण येते तेव्हा त्या माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात.