एक टक का टकटक?

सुखदेव गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यालाच बोलवायला निघालो होतो. गाडी अंगणात नुसती टकटक करत होती, चालू व्हायचं नाव घेत नव्हती, अन् मी नेहमीसारखा तिच्यावर चिडून, दार आपटून पायीच निघालो. चौकातल्या पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं, गुरुजी, कुठे चालले? सुखदेवभाऊ तर सकाळी चहा पिता पिता गेले... मी तिथेच बाकावर बसलो. त्याला आता सव्वा महिना होत आला. गाडी अजून तशीच उभी आहे.

सानगडीच्या रस्त्यावर टिनाच्या शेडात त्यानं तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. आसपासच्या गावांतले जीपवाले, ट्रॅक्टरवाले, माझ्यासारखे जुन्या गाडीचे हौशी, सगळे त्याच्याचकडे. गेल्या काही वर्षांत गाडी चालू होत नाही म्हटलं की तो आधी हात लावायचा नाही. गाडीवाल्यालाच चाबी मारायला लावायचा अन् विचारायचा, "एक टक का टकटक?" भराभर टकटक आली तर बॅटरी उतरली, नाहीतर टर्मिनल ढिलं झालं किंवा त्यावर पांढरं साचलं. एकच जड टक आली तर बहुतेक सेल्फचं, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरचं, दुखणं. माणूस अडखळला तर शांतपणे म्हणायचा, पुन्हा मारा, नीट ऐका. फोनवर मात्र कधी सांगायचा नाही, बायकोच्या हाती फोन देऊन 'येतो' एवढा निरोप द्यायचा. लोक म्हणत, सुखदेव गिऱ्हाइकाला शिकवून सोडतो. भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मला त्याचं जास्तच कौतुक. वर्गात एकदोनदा मी त्याचं उदाहरणही दिलं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तो शेडबाहेर पाठमोरा उभा, अन् मागून येणारा धानाचा ट्रक हॉर्नवर हॉर्न देतोय. हा ढिम्म! मी दंड धरून ओढलं अन् रागाच्या भरात नाही नाही ते बोललो. तो माझ्या ओठांकडे बघत होता. माझं संपल्यावर म्हणाला,

"गुरुजी, मले ऐकू नाई येऊन राहिलं. दोन वर्षं झाली."

म्हणजे तो शिकवत नव्हता, खरोखरच विचारत होता... मी त्याच्या मागे लागून त्याला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी कानात यंत्र घालायला सांगितलं. तो ऐकेना. मी भांडलो, आठवडाभर अबोला धरला. त्याचं एकच म्हणणं होतं.

"यंत्र दिसते ना बाप्पा. बहिऱ्याच्या हाती गाडी कोन देईन? कोनालेच सांगू नका. घरी बी नाई."

मी शब्द दिला. पाळताना मात्र जीव गेला. एकदा एका जीपवाल्यानं घाईघाईत 'एकच टक' म्हणून सांगितलं. यानं जीपखाली निजून सेल्फ उतरवला, खोलला, आत दोष काहीच नाही. शेवटी निघालं ते टर्मिनल ढिलं. जीपवाला चारचौघांत बोलला, म्हातारा झालास, आता दुकान बंद कर. नीट ऐकलं नव्हतं ते जीपवाल्यानं. पण सुखदेव "माझंच चुकलं" म्हणाला अन् पाना पुसत राहिला. मी बाजूलाच होतो. माझं तोंड एरवी आवरत नाही, त्या दिवशी मात्र गप्प बसलो. अजून आठवलं की जीव तळमळतो. त्यानंतर तो हेडलाइट लावून चाबी मारायला सांगू लागला. दिवा विझायला आला तर बॅटरीकडे बघायचं, तसाच राहिला तर सेल्फकडे. कानाचं काम त्यानं डोळ्यांवर घेतलं होतं, अन् ते फक्त मला ठाऊक होतं.

हा लेख लिहायला बसलो अन् इथेच अडलो. खरं लिहावं तर शब्द मोडतो. न लिहावं तर गाव त्या जीपवाल्याचंच खरं धरून बसेल. शेवटी मागच्या आठवड्यात त्याच्या घरी, वच्छलावहिनींकडे गेलो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो, मग कसंबसं म्हणालो, वहिनी, सुखदेवच्या कानाचं...

"मले मालूम होतं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पयल्या वर्षीच समजलं. त्याइले वाटे, मले मालूम नाई. मंग मी बी मालूम नसल्यावानीच राहिली."

एका घरात दोन माणसं सहा वर्षं एकमेकांना सांभाळून घेत होती, अन् मी मात्र एकट्यानंच गुपित राखतोय अशा ऐटीत फिरत होतो. लिहू का, विचारलं. लिहा म्हणाल्या.

त्या चहाचे कप घेऊन आत गेल्या. चपला घालताना मी अंगणातूनच विचारलं, शेडाचं काय करणार? जरा वेळानं वहिनी हात पुसत बाहेर आल्या, अंगणात उतरून अगदी माझ्यासमोर उभ्या राहिल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं अन् सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "अजून... काही... ठरवलं नाई."

मी म्हणालो, "वहिनी, मले ऐकू येते."

"हो ना जी," त्या म्हणाल्या, अन् तिथेच पायरीवर बसल्या.