मधल्या दिव्याखाली

हार्डवेअरच्या दुकानात दत्ताकाका एकेक क्लॅम्प हातात घेऊन त्याचा बोल्ट फिरवून बघत होते. आमच्या हौशी नाटकमंडळीचे दिवे कित्येक वर्षं तेच टांगतात. दुकानदार वैतागला. "अहो काका, सगळे सारखेच आहेत." काकांनी पातळ पत्र्याचे बाजूला सारले, जाड लोखंडाचे निवडले आणि प्रत्येकासोबत पोलादी तारेची दोरी मागितली. क्लॅम्प निसटलाच, तर दिवा त्या दोरीला लटकून राहतो.

"मधल्या दिव्याखाली कोण उभं राहतं?" त्यांनी मला विचारलं.

"मीच."

हातातला क्लॅम्प त्यांनी पुन्हा एकदा तपासला. मग खाली बघतच म्हणाले, "सुधाच्या वेळी मधला दिवा बारीक बाइंडिंग वायरनं बांधला होता मी. म्हटलं, आजच्या प्रयोगापुरतं चालेल."

सुधाकाकूंना, त्यांच्या बायकोला, मी फक्त हार घातलेल्या फोटोत पाहिलंय. घरातला पंखा, जिन्याचा कठडा, वरच्या मजल्याची गॅलरी. आजच्यापुरतं म्हणून कुणीतरी बांधलेल्या किती गोष्टींखाली आपण निर्धास्त उभे असतो, आणि बांधणारा मात्र जन्मभर निर्धास्त होत नाही.

संध्याकाळी प्रयोगात मी मधल्या दिव्याखाली उभी राहिले. टाळ्या पडल्या. विंगेत दत्ताकाका उभे होते. त्यांनी टाळी वाजवली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. पडदा पडेपर्यंत ते वरच बघत होते.