फॉर्मवर लिहिलं होतं फॉरवर्ड

दवाखान्याच्या धुलाईघरात रोज चारशे-साडेचारशे चादरी धुवून, वाळवून, घड्या घालून वॉर्डांत पाठवणारी ही बाई एकोणीस वर्षं दवाखान्याच्या हॉकी टीमची गोलकीपर होती. टीममध्ये तिला सगळ्या 'भिंत' म्हणत. नाव मानाचं होतं, नाही असं नाही. पण भिंतीला कुणी विचारत नाही की बाई गं, तुला कधी पुढे जावंसं वाटतं का?

ती गोलकीपर झाली कशी, तर शाळेत असताना अंगाने थोराड होती. गोलकीपरचे पॅड तिला बसले, बाकीच्या मुलींना मोठे झाले. झालं एवढंच. तेव्हा जे पॅड पायाला बांधले ते काही सुटले नाहीत. दर वर्षी ती कॅप्टनला म्हणायची, "यंदा मला पुढे खेळव ना." कॅप्टन बाळंतपणाच्या वॉर्डातली सिस्टर, जिभेला हाड नसलेली. ती म्हणायची, "आणि गोलमध्ये कोण उभं राहणार? तुझी सासू?" सगळ्या हसायच्या. भिंतही हसायची आणि मुकाट्याने पट्टे आवळायला बसायची. एकोणीस वर्षांत तिने किती गोल अडवले त्याला गणती नव्हती. मारले किती, हे मात्र कुणीही सांगू शकलं असतं. एकही नाही.

म्हणून मोठ्या माणसांसाठी हॉकीचं पाच दिवसांचं शिबिर आहे, वयाची अट नाही, असं तिला कळलं तेव्हा तिने गुपचूप रजा टाकली. टीममध्ये कुणालाही पत्ता लागू दिला नाही. फॉर्मवर 'मैदानावरील जागा' असा एक रकाना होता. त्यात तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, फॉरवर्ड.

"अगं, हे धडधडीत खोटं आहे," नवरा खांद्यावरून डोकावत म्हणाला. तो शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, त्याला सगळं जिथल्या तिथे लागतं.

"तिथे मला ओळखतंय कोण? एक गोल मारते आणि परत येते."

"आणि नाही झाला तर?"

"मग मरेपर्यंत अडवत बसते," ती म्हणाली. म्हणाली हसत, पण तिला खरं तर रडू येत होतं. बेचाळीस संपून त्रेचाळिसावं लागलं होतं. आता नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शिबिराचे सर साठीचे, बुटके, आणि कुजबुजले तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजाचे. पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, "गोलकीपर कोण कोण आहे?" एकच हात वर झाला. औषधांच्या दुकानात काम करणारा एक काटकुळा, चष्मेवाला माणूस होता तो. "एकच? शेवटच्या दिवशी मॅच आहे, दुसऱ्या गोलमध्ये कोण? आहे का कुणी?" भिंत खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हती, म्हणून आधी सोडली आणि मग बांधली.

तोंडाने खोटं बोलता येतं हो, पायांना कोण शिकवणार? हॉकीत गोलकीपर सोडून कुणी बॉलला पाय लावायचा नाही, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण बॉल दिसला रे दिसला की भिंतीचा उजवा पाय आपणहून पुढे. लगेच शिट्टी. "ताई, पाय." पुन्हा बॉल, पुन्हा शिट्टी. "ताई, स्टिक हातात आहे तुमच्या, शोभेला नाही दिलेली." पहिल्या दिवसअखेर शिबिरातले सगळे तिला 'पायताई' म्हणू लागले होते. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय.

पण मनगटं तिची लोखंडी होती. ओल्या चादरी झटकून झटकून झालेली. स्टिकचं तोंड फिरवून बॉल डावीकडून उजवीकडे न्यायचा धडा तिला दुसऱ्या दिवशीच जमला. घरी लेकीच्या मोज्यांचा गोळा करून ती बोळात सराव करायची. सासूबाई खाटेवरून म्हणायच्या, "सूनबाई, घरात भिंती आहेत तेवढ्या पुरेत, आणखी एक येऊन आपटायला नको."

पायांचा जाच कमी झाला, तसा दुसरा सुरू झाला. तो औषधवाला. समोरच्याने स्टिक उचलली की हा बिचारा बॉल सुटायच्या आधीच आडवा. मग बॉल निवांत त्याच्या डोक्यावरून आत. भिंतीला ते बघवेना. 'थांब रे बाबा, उभा राहा,' हे शब्द तिच्या ओठांवर येत आणि ती गिळून टाकी. बोललं की बिंग फुटलं. बिंग फुटलं की पॅड आलेच.

चौथ्या दिवशी औषधवाल्याने लागोपाठ नऊ गोल खाल्ले. कुणीतरी हसलं. तो गोलच्या मागे जाऊन बसला आणि पट्टे सोडायला लागला. "मला नाही जमत हे. उद्या मी येत नाही," तो खाली मान घालून म्हणाला.

भिंत दोन पावलं दूर उभी होती. आपल्याला काय करायचंय, असं तिने मनाला बजावून पाहिलं. पण हरलेला गोलकीपर कसा बसतो हे तिच्याइतकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

"उठा," ती म्हणाली. "बांधा ते पट्टे. आणि घाबरून आधीच झोपू नका. टाचा उचला, भार चवड्यांवर. आता दोन पावलं पुढे या. बघा, तुम्ही पुढे आलात की मारणाऱ्याला गोल लहान दिसतो. बॉल सुटेपर्यंत उभं राहायचं. कितीही भीती वाटली तरी."

अर्धा तास ती त्याला शिकवत होती. पुढच्या पाचांतले तीन त्याने अडवले. तिने मागे वळून पाहिलं, तर सर कमरेवर हात ठेवून उभे.

"किती वर्षं, ताई?"

"एकोणीस."

"तरीच. इतरांचा पाय बॉल बघून मागे जातो, तुमचा पुढे येतो."

"उद्या दुसऱ्या गोलमध्ये मी उभी राहते," ती म्हणाली. 

"कशाला? फॉर्मवर फॉरवर्ड लिहिलंय ना? मग लिहिलंय ते करून दाखवा. गोलमध्ये मी राहतो. गुडघे गेलेत माझे, पण ओरडायला गुडघे लागत नाहीत."

मॅचमध्ये तिच्या बाजूच्या गोलमध्ये सर, समोरच्यात औषधवाला. पाच मिनिटं उरली तरी दोन्हीकडे गोल नाही. तेवढ्यात तिच्याच टीममधल्या बसड्रायव्हरने बॉल पुढे ढकलला आणि भिंत एकटी औषधवाल्यासमोर आली. तिने सगळा जीव एकवटून खाली, कोपऱ्यात मारला. औषधवाला टाचा उचलून, दोन पावलं पुढे येऊन, शेवटपर्यंत उभा राहिला आणि पॅडने बॉल अडवला. घ्या. शिकवलेलं अंगाशी येतं ते असं.

बॉल उडून पुन्हा तिच्याकडे आला. औषधवाला गुडघ्यांवर बसून आपल्या पॅडकडे बघत होता, कौतुकाने. चांगला बॉल अडवला की गोलकीपर क्षणभर असा स्वतःवर खूश होतो आणि जग विसरतो. ही खोड तिने त्याला सांगितली नव्हती, कारण ती तिची स्वतःचीही होती. तिचा उजवा पाय उचलला गेला. तिने तो खाली ठेवला, स्टिक टेकवली आणि बॉल ढकलला.

गोलच्या मागच्या फळीवर ठक्क आवाज झाला. हा आवाज आजवर तिने पाठीमागून ऐकला होता.

सगळे धावत आले, तिला मिठ्या मारल्या, कुणी पाठीत धपाटे घातले. हात कुठे ठेवायचे हेच तिला कळेना. गोल झाल्यावर काय करतात हे तिने फक्त लांबून पाहिलं होतं. त्या गर्दीतून तिला मैदानाचं दुसरं टोक दिसलं. तिथे सर पॅड बांधलेले, दोन्ही हात वर करून एकटेच नाचत होते.

ती गर्दीतून सुटली आणि धावत सुटली, सबंध मैदान पार करून.

"काय झालं, ताई? काही राहिलं का?" सरांनी विचारलं.

"काही नाही," ती धापा टाकत म्हणाली. "इथपर्यंत कुणी येत नाही, म्हणून आले."