ज्याचा नेम चुकत नव्हता

डोणगावकडच्या त्या खटल्याचे कागद केव्हाच दप्तरात बांधले गेले. ती घटना मात्र माझ्यासमोरून हलत नाही, आणि आठवली की मान खाली जाते. नोकरीत असताना हे कुणाला सांगितलं नाही. मुदतीआधी नोकरी सोडली तेव्हाही अर्जात प्रकृतीचं कारण लिहिलं. आता सांगतो. नाव कुणाचंच देत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी साताऱ्याकडचा, नवा फौजदार. एका सकाळी पोलीस पाटलाचा माणूस सायकल हाणत ठाण्यावर आला. धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, भांडण झालं होतं. फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारानं परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी झाडली, ती शेजारच्या शेतकऱ्याच्या बरगडीत लागली. त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. मागे बायको आणि दोन मुली.

सुभेदार गावात नव्हता. त्याच दुपारी खबर लागली की तो बीबी गावात बहिणीच्या घरी आहे. गेलो तर ओट्यावर बसलेला, पुढ्यात धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर.

"या साहेब," तो म्हणाला, "तुमचीच वाट पाहून राह्यलो."

पळून गेलेला माणूस असा बसत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी पंचांसमोर हत्यार उघडलं. सहा घरांचं चक्र. पाच घरांत भरलेली काडतुसं, सहाव्यात रिकामं. त्या सहाव्या घरावर लाल पेन्सिलीनं खूण केली, पंचनाम्यात नोंद घेतली. कागदाच्या कामात मी चोख होतो.

ठाण्यावर जबाब सुरू झाला.

"झाडावर मारली होती साहेब. धुऱ्यावर बाभूळ आहे, तिच्या खोडावर. त्याले भेव दाखवाले."

"तो झाडापासून किती लांब होता?"

"दीड हात असंन."

"आणि तुम्ही?"

"चाळीसक पावलं."

दाराशी उभे असलेले माझे जमादार हसले. ते त्याच भागातले. "साहेब, याले जत्रेतला फुगेवाला बंदूक हाती देत नाही. मांगच्या साली पंधरा छर्ऱ्यांत पंधरा फुगे फोडले यानं. तो हात जोडून म्हने, सुभेदार, दुरूनच राम राम घ्या, माह्यं दुकान उठते!"

सुभेदारही हसला. थोडा सुखावलाच. त्याच्या त्या हसण्यावर मी सगळी केस उभी केली. "सुभेदार, ज्याचा नेम चुकत नाही त्याची गोळी चुकून कशी लागेल?"

मी त्याला मारलं नाही. दोन दिवस हा एकच प्रश्न विचारत राहिलो, कधी दरडावून, कधी चहा पाजून. तिसऱ्या दिवशी तो खाली बघत म्हणाला, "तुमचं म्हननं बी खरंच आहे साहेब. माह्या हातून चुकत तं नाही." तेच पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर त्याच्या तोंडून वदवून घेतलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

दोषारोपपत्र गेल्यावर बाजारातला एक म्हातारा मिस्तरी ठाण्यावर आला. कंदील, स्टोव्ह, कुलपं दुरुस्त करणारा. टोपी काढून उभा राहिला.

"साहेब, ते रिवाल्वर म्या घासलं होतं. दसऱ्याच्या पूजेत घरच्या बाईनं त्याले हळद-कुंकू वाह्यलं, पानी शिंपलं, आन् तसंच कपड्यात बांधून ठुलं. चक्राच्या एका घरात जंग चढला, तं तिनं सुभेदारले न सांगता माह्याकडं आनलं. म्या काडीले पॉलिशकागद गुंडाळून घासला. जरा जास्तच घासल्या गेला. त्या घराची गोळी सीधी जानार नाही साहेब. सुभेदारची गलती नाही."

"काय मिस्तरी," जमादार म्हणाले, "स्टोव्ह सोडून तोफखाना उघडला काय?"

मी हसलो नाही. परवान्याशिवाय हत्यार दुरुस्त करणं गुन्हा आहे, हे त्याला कलमासकट ऐकवलं. "पुन्हा हे बोललास तर तुझ्यावरच केस करीन." तो टोपी घालून निघून गेला. वयानं माझ्या वडिलांएवढा, आणि मी त्याला अरे-तुरे केलं होतं.

पण शब्द डोक्यातून जाईना. खटल्याला आठ दिवस होते. हत्यार तज्ज्ञांकडून परत येऊन मुद्देमालाच्या खोलीत होतं. अहवाल एका ओळीचा होता: गोळी याच हत्यारातून सुटलेली आहे. ती सरळ जाते का, हे त्यांना आम्ही विचारलंच नव्हतं.

सरावात न फुटलेलं त्याच मापाचं एक काडतूस माझ्याकडे होतं. त्याची गोळी पकडीनं उपटली आणि दार लोटून बसलो. रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक घराला पुढच्या तोंडाशी एक अरुंद भाग असतो, त्याला गळा म्हणू. गळा मापाचा असेल तर गोळी सरळ नळीत शिरते. तो सैल किंवा वेडावाकडा झाला असेल तर गोळी कलून शिरते, आणि मग झाडणारा कितीही मोठा नेमबाज असो, ती कुठे जाईल याचा भरवसा नाही. मी ती गोळी एकेका गळ्यात पुढून बसवून पाहिली. पाच ठिकाणी अडली. अंगठ्यानं दाबली तेव्हा आत गेली. लाल खुणेच्या घरात ठेवली आणि ती आरपार निघून माझ्या तळहातावर पडली.

सरकारी वकिलांना चार ओळींची चिठ्ठी लिहायची होती. सुभेदार निर्दोष सुटला नसता. माणसाच्या इतक्या जवळ गोळी झाडणं हा गुन्हाच आहे. पण निष्काळजीपणाची शिक्षा वेगळी आणि खुनाची वेगळी. मी चिठ्ठी लिहिली नाही. मिळालेली शाबासकी परत करायची माझी तयारी नव्हती, एवढंच खरं कारण. हत्यार पुसलं, मोहोर लावली, आणि साक्षीत शपथेवर सांगितलं की हत्यारात दोष आढळला नाही. आरोपीच्या वकिलानं एकदाच विचारलं होतं.

जन्मठेप झाली.

दहा-अकरा वर्षांनी एका साक्षीसाठी मेहकरला गेलो होतो. कोर्टासमोरच्या हॉटेलात एक वाळलेला माणूस मला पाहून उभा राहिला. सुभेदार. शिक्षेत सूट मिळून सुटला होता.

"बसा साहेब. एक इचारू का? राग नका धरू."

"विचारा."

"म्या त्याच्यावरच नेम धरला होता का हो? मले झाड आठवते. बाभळीची साल आठवते. पन तुम्ही म्हनत होते, तेबी पटते. माह्या हातून चुकत नव्हतं ना."

माझ्या तोंडून निघालं, "झालं गेलं विसरा, सुभेदार."

"हाव," तो म्हणाला. "आता तं इसरतोच. म्या त्या बाईच्या दारात जाऊन आलो. पाया पडून सांगतलं, बाई, तुह्या मालकाले म्या जानूनच मारलं. ते सांगतलं आन् जरा हलकं वाटलं."

चहा निवत होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी घड्याळ पाहिलं आणि पुकारा होईल म्हणून उठलो. पुढे दोन वर्षांनी तो वारल्याचं कळलं. मिस्तरी त्याच्या आधीच गेला होता.

खोटा कबुलीजबाब मारहाणीनं मिळतो असं लोक समजतात. मीही समजत होतो, आणि आपण हात उचलत नाही याचा मला अभिमान होता. माणसाला ज्या गोष्टीची मनापासून ऐट असते, तिच्याच जोरावर त्याला फासात ओढता येतं, आणि मग तो दोर स्वतःच आवळतो. हे मी या केसमध्ये शिकलो. दुसऱ्याच्या आयुष्यावर शिकलो.

छापायला देण्याआधी याची एक प्रत सुभेदाराच्या मुलाला देणार आहे. दुसरी घेऊन त्या विधवेकडे जायचं आहे. ती अजून त्याच गावात आहे, आणि सुभेदारानं आपल्या नवऱ्याला जाणूनबुजून मारलं असंच समजून आहे. पोस्टानं पाठवून मोकळं व्हावं असं मनात आलं होतं. पण तिला वाचता येत नाही. तिच्यासमोर बसून हे मलाच वाचावं लागेल.